बेसमेंटमधलं पिनबॉल डंपस्टरमध्ये टाकू नका

शिकागोच्या उपनगरांत बर्फ वितळलं की घरं विकायचा मोसम सुरू होतो. त्याआधी बेसमेंट रिकामं करायची धांदल उडते, आणि एकेका ड्राइव्हवेवर ते भलेमोठे लोखंडी डंपस्टर येऊन बसतात. त्यात जुने सोफे जातात, गाद्या जातात, धूळ खात पडलेली ट्रेडमिल जाते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण तुमच्या बेसमेंटच्या कोपऱ्यात चादरीखाली झाकलेलं एखादं पिनबॉल मशीन असेल, तर ते त्या डंपस्टरमध्ये जाऊ देऊ नका. मशीन चालू असो, बंद असो, अर्धं सडलेलं असो. टाकायच्या आधी कुणाला तरी विचारा. हात जोडून विनंती आहे.

ही विनंती मी मराठीत, मराठी अंकात का करतोय? कारण अशी मशिनं आपल्या लोकांच्या घरांत आहेत. 1965 च्या स्थलांतर कायद्याने अमेरिकेची दारं उघडली आणि आपले कितीतरी इंजिनिअर इकडे आले. त्यातले बरेच शिकागोच्या आसपास स्थिरावले. कुणी नेपरव्हिलला बेल लॅब्समध्ये, कुणी शॉमबर्गला मोटोरोलात. घरं झाली, मुलं झाली. मग मुलांसाठी म्हणून कुणी बंद पडलेल्या बोलिंग अ‍ॅलीतून, कुणी शेजारच्या गराज सेलमधून सेकंडहँड पिनबॉल मशीन आणलं. मुलांनी आणि त्यांच्या मित्रांनी ते मनसोक्त बडवलं. मुलं कॉलेजला गेली, मशिनाच्या काचेवर भारतातून आणलेल्या बॅगा रचल्या गेल्या. आता ते काका-काकू पंचाहत्तरी-ऐंशीला आले आहेत. कुणी मुलीजवळ कॉन्डोत निघालंय, कुणी कोथरूडला परत. शंभर किलोहून जड असं हे धूड सोबत कुठे न्यायचं? मूव्हर सांगतो, टाकून द्या. घर विकून देणारी एजंट सांगते, टाकून द्या. आणि एका सकाळी ते जातं.

भारतातल्या वाचकांपैकी अनेकांनी पिनबॉल खऱ्यात पाहिलं नसेल, कॉम्प्युटरच्या पडद्यावर खेळलं असेल. खऱ्या मशिनात काचेखाली लाकडाची उतरती फळी असते, तिला प्लेफिल्ड म्हणतात. तिच्यावर सुमारे 27 मिलिमीटरचा, 80 ग्रॅम वजनाचा पोलादी गोळा फिरतो. तो बंपरवर आपटतो, उसळतो, टार्गेट पाडतो आणि उताराने खाली यायला लागतो. त्याला खालच्या भोकात पडू न देता दोन फ्लिपरांनी परत वर मारायचं, एवढाच खेळ. पण तो गोळा खरा असतो, त्याचं वजन खरं असतं, आणि तुम्ही मशिनाला कमरेने हलका धक्का दिलात तर त्याची वाट बदलते. जास्त जोरात धक्का दिलात की मशीन टिल्ट होतं आणि तो गोळा वाया जातो. पडद्यावर हे काहीच जाणवत नाही.

विसाव्या शतकात जगभर खेळली गेलेली बहुसंख्य मशिनं याच शिकागो शहरात तयार झाली. मूळ खेळ युरोपातल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यातला, बॅगाटेल. त्याला स्प्रिंगचा दांडा बसवायचं पेटंट सिनसिनाटीच्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी 1871 मध्ये घेतलं. 1931 मध्ये शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांचं ‘बॅफल बॉल’ आलं. जागतिक मंदीत खिशात मोजकी नाणी असलेल्या माणसाला तेवढ्यात चार घटका करमणूक मिळायला लागली आणि बघता बघता बॅली, विल्यम्स, जेन्को, शिकागो कॉइन अशा कंपन्या याच शहरात उभ्या राहिल्या. तेव्हा फ्लिपर नव्हतेच. गोळा सोडायचा आणि नशिबावर हवाला ठेवायचा. फ्लिपर आले 1947 मध्ये, गॉटलीबच्या ‘हम्प्टी डम्प्टी’वर, तेही सहा आणि दोन्ही बाजूंना विखुरलेले. दुसऱ्याच वर्षी जेन्कोच्या स्टीव्ह कॉर्डेक यांनी फक्त दोन फ्लिपर तळाशी बसवले. आजतागायत खेळाची मांडणी तीच आहे. कॉर्डेक शंभरी गाठून 2012 मध्ये गेले.

या मशिनांवर घणाचे घाव पडून गेले आहेत. पिनबॉल म्हणजे जुगार, असं ठरवून न्यूयॉर्कने 1942 मध्ये त्यावर बंदी घातली. महापौर ला गार्डिया यांनी स्वतः हातात घण घेऊन जप्त मशिनं फोडली, त्यांचे फोटो छापून आले. हजारो मशिनांचा चुरा झाला. इथे, जिथे मशिनं बनत होती त्या शिकागोतही ती खेळायला बंदी होती, आणि ती सत्तरच्या दशकापर्यंत टिकली. लॉस एंजेलिसची बंदी 1974 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. न्यूयॉर्कमध्ये 1976 साली रॉजर शार्प नावाच्या तरुण पत्रकाराने नगर परिषदेपुढे मशीन मांडून खेळून दाखवलं. गोळा कुठल्या फटीतून जाईल ते आधी सांगितलं, दांडा ओढला, आणि गोळा तिथूनच गेला. हा नशिबाचा नव्हे, हाताच्या कौशल्याचा खेळ आहे हे परिषदेला पटलं. एवढ्या सगळ्यातून वाचलेलं, पन्नास-साठ वर्षं जगलेलं मशीन आपल्या हातून एका शनिवारी कचऱ्यात जावं, हे मला सहन होत नाही.

बरं, नवीन बनत नाहीत का? बनतात. पण जुन्यांचे सुटे भाग बनवणारी मूळ घराणी उरली नाहीत. जेन्को आणि शिकागो कॉइन कधीच गेल्या. बॅलीचा पिनबॉलचा धंदा 1988 मध्ये विल्यम्सने घेतला. गॉटलीबचा वारसा चालवणारी प्रीमियर 1996 मध्ये बंद पडली, आणि 1999 मध्ये विल्यम्सनेही पिनबॉलला रामराम ठोकला. काही वर्षं तर स्टर्न ही एकच मोठी कंपनी तग धरून होती. आज रबरी रिंगा, गोळे, दिवे, कॉइलच्या आतल्या नळ्या, फ्लिपरचे जोड नवे मिळतात. गाजलेल्या मशिनांच्या छापील काचा आणि प्लेफिल्डसुद्धा काही हौशी मंडळी नव्याने बनवतात. पण ज्या मशिनाच्या मुळात थोड्याच प्रती निघाल्या, त्याच्यासाठी साचा कोण करणार? त्याचा एखादा प्लास्टिकचा तुकडा मोडला, तर तो दुसऱ्या तशाच मशिनातून आला तरच येतो. दुसरा मार्ग नाही.

सुटा भाग म्हणजे काय चीज असते, हे एकदा जवळून बघायला हवं. 1970 च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या मशिनांत कॉम्प्युटर नाही, चिप नाही. गुण मोजायला आकडे छापलेली चाकं असतात, स्कोअर रील. गोळा टार्गेटला लागला की पितळी पट्ट्यांचा स्विच क्षणभर मिटतो, कॉइलमध्ये वीज येते, कॉइल आतला लोखंडी दांडा खेचते, दांड्याची चिमटी चाकाचा एक दात पुढे ढकलते. खट्. आकडा एकाने वाढला. चाक नवावर असताना आणखी एक ठोका आला, की तिथला वेगळा स्विच मिटतो आणि शेजारच्या चाकाला ठोका मिळतो. शाळेत बेरजेत हातचा घ्यायचो, तोच हातचा इथे तांब्याच्या तारेतून पलीकडे जातो. आणि पाचशे गुण एकदम द्यायचे झाले तर? मशिनाच्या पोटात एक छोटी मोटर फिरते, तिच्यावरच्या चकत्या स्विच उघडमीट करत पाच वेळा शंभराचा ठोका देतात, आणि प्रत्येक ठोक्याला चाइमच्या पट्टीवर घाव पडतो. ते पाच सूर म्हणजे तुमचे पाचशे गुण.

हे सगळं जुळवणाऱ्या माणसांनी पट्ट्यांमधलं अंतर हाताने वाकवून बसवलेलं असतं. अशी स्कोअर मोटर आज कोणी नव्याने ओतत नाही. ती मिळते फक्त एखाद्या मेलेल्या मशिनाच्या पोटात. म्हणून मेलेल्या मशिनालाही किंमत आहे.

आमच्या परिचयातल्या एका काकूंच्या घरचं उदाहरण सांगतो. काका गेल्यानंतर त्यांनी घर विकायला काढलं. बेसमेंटमध्ये बॅलीचं ‘एट बॉल’ होतं. 1977 चं मशीन. बिलियर्डची थीम, काचेवर पॉल फॅरिस यांनी काढलेलं चामडी जाकिटातल्या पोराचं चित्र. ही मशिनं 20,230 निघाली, आणि तो विक्रम 1992 साली आलेल्या ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ने मोडला तोही अवघ्या चाळीस मशिनांनी. म्हणजे दुर्मिळ अजिबात नाही. पण म्हणूनच त्याचे भाग शोधणारेही भरपूर आहेत. मुलांनी कधीतरी त्याचे पाय काढून, वरचा बॅकबॉक्स उतरवून पलंगावर ठेवला होता आणि खालचं धड भिंतीशी उभं केलं होतं. मग एका पावसाळी रात्री बेसमेंटमधलं पाणी उपसणारा संप पंप बंद पडला. धडाची खालची बाजू पाण्यात भिजली. लाकूड फुगलं, प्लेफिल्डच्या प्लायचे पदर सुटले. वरच्या डब्यातली बॅटरी तर त्याआधीच गळलेली होती.

काकू म्हणाल्या, “अरे, ह्यांचं होतं ते. मला त्यातलं काही कळत नाही. पण सडलंय आता, जाऊ दे.”

मी म्हटलं, “काकू, लाकूड सडलंय. बाकीचं नाही सडलं. आठवडाभर ड्राइव्हवेत ठेवू नका, गराजमध्ये कोपरा द्या.”

त्यांनी दिला. आम्ही काही जणांनी मिळून ते सुटं केलं. बॅकग्लास, म्हणजे वरची चित्राची काच, पलंगावर कोरड्या जागी राहिल्याने मागचा रंग शाबूत होता. ती मिशिगनमधल्या एका माणसाकडे गेली. त्याच्या मशिनाची काच जवळपास निम्मी सोलली होती. नारिंगी आकड्यांचे डिस्प्ले विस्कॉन्सिनला गेले. कॉइल चालवणारा बोर्ड एका दुरुस्तीवाल्याने घेतला. फ्लिपरची दोन्ही अख्खी जोडणी, कॉइल आणि स्विचसकट, शेजारच्या गावातल्या एका हायस्कूलच्या मुलीने नेली. ती तिच्या आजोबांबरोबर मशीन उभं करतेय. तिने कॉइलवर मीटर लावून बघितला आणि विचारलं, एकाच कॉइलला तीन टोकं का? मग तिला दाखवलं: आत दोन वळणं असतात. जाड तारेचं वळण जोराचा फटका देतं. फ्लिपर पूर्ण वर गेला की शेवटचा स्विच उघडतो आणि वीज बारीक तारेच्या लांबलचक वळणातून जाते, जेणेकरून बटण धरून ठेवलं तरी कॉइल जळू नये. तिने तो स्विच बोटाने दहादा उघडमीट करून पाहिला. तेव्हा काकू शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “ह्यांनी हे मला कधी सांगितलंच नाही.”

आता माझं मागणं नेमकं काय, ते सांगतो.

मशीन दुरुस्त होण्यासारखं असेल तर ते सुटं करू नका. अख्खं द्या. विका, भेट द्या, कमी किमतीत द्या, पण अख्खं. सुटे भाग विकून जास्त पैसे येतात म्हणून चालण्यासारखं मशीन फोडणारे लोक आहेत. ते मला मान्य नाही. बोर्ड जळला, दिवे लागत नाहीत, फ्लिपर हलत नाही, ही मशीन फोडायची कारणं नव्हेत. यातलं बहुतेक सगळं दुरुस्त होतं. त्या काळच्या बॅली मशिनांसाठी नवे बोर्डसुद्धा मिळतात. प्लेफिल्ड आणि पेटी दोन्ही गेली असतील, तरच सुटं करायचा विचार करा. आणि ते तुम्ही एकट्याने ठरवू नका, एखाद्या जाणत्याला आणून दाखवा. पेटीचं कॉफी टेबल करायची एक फॅशन आहे, आतलं सगळं उपसून टीव्हीचा पडदा बसवायचीही आहे. बॅकग्लास भिंतीवर टांगणाऱ्यांची तर गणतीच नाही. घर सजवायला बाजारात हजार वस्तू मिळतात. त्या काचेची वाट बघणारं एखादं मशीन कुठेतरी उघड्या दिव्यांनिशी उभं असतं, एवढं लक्षात घ्या.

बॅटरीचं काम मात्र आजच करा. घर विकायचं नसेल तरी करा. 1977 पासूनच्या बहुतेक मशिनांत गुण आणि सेटिंग लक्षात ठेवायला बॅटरी असते. बॅलीच्या त्या काळच्या बोर्डांवर ती सोल्डर केलेली असते, नव्वदीच्या विल्यम्स-बॅली मशिनांत तीन पेन्सिल सेल असतात. ते वर्षानुवर्षं तसेच राहिले की गळतात, आणि तो हिरवा-निळा चिकटा तांब्याच्या रेषा खात खात पसरतो. जेवढी मशिनं खेळून झिजली नाहीत, तेवढी या गळतीने गेली असतील असं मला वाटतं. प्लग काढा, बॅकबॉक्स उघडा, पेन्सिल सेल काढून टाका. सोल्डर केलेली असेल तर सोल्डरिंग येणाऱ्या कुणाला तरी बोलवा. गळती झालेली असेल तर पांढरं व्हिनेगर कापसाने लावलं की तो क्षार मरतो. मग स्वच्छ पुसून, अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळू द्यायचं. डिस्प्लेच्या वायरींना हात लावू नका. तिथे 190 व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही तो थोडा वेळ टिकून राहतो.

मशीन सुटं करायचंच ठरलं, तर घाई करू नका. पकडीने वायर कापत सुटलेला माणूस मी पाहिला आहे. तासाभरात मशीन मोकळं केलं आणि त्यातला एकही भाग पुढे धड वापरता आला नाही. आधी फोटो काढा, भरपूर काढा. कनेक्टर निघत असेल तर कापू नका. कापावंच लागलं तर दोन्हीकडे वीतभर वायर राहू द्या. वायरीचा रंग हाच तिचा पत्ता असतो. प्रत्येक भागाचे स्क्रू त्याच भागासोबत पिशवीत घाला आणि पिशवीवर मशिनाचं नाव लिहा, नाहीतर पाच वर्षांनी तो नुसता लोखंडाचा तुकडा असतो. बॅकग्लासच्या मागच्या बाजूला बोटसुद्धा लावू नका. चित्र काचेच्या मागून थरांनी छापलेलं असतं. ओल्या फडक्याने पुसलंत तर रंग फडक्यावर येतो. काच उभी ठेवा, आडवी नको, आणि थंड गराजमधून एकदम गरम खोलीत आणू नका. स्विच साफ करायचा मोह झाला तर आधी मशिनाचं वय बघा. जुन्या यांत्रिक मशिनांच्या स्विचला बारीक कानस चालते. चिपवाल्या मशिनांच्या बहुतेक स्विचवर सोन्याचा पातळ मुलामा असतो, त्याला कानस लावली की संपलं. तिथे दोन टोकांच्या मधून कोरं व्हिजिटिंग कार्ड ओढायचं, बस.

कागद टाकू नका. पेटीच्या तळाशी घडी करून ठेवलेली वायरिंगची मोठी आकृती, मॅन्युअल, गुणांची छापील कार्डं, नाण्याच्या दाराची किल्ली, यातल्या कशावरही आपल्याला कचरा म्हणून शिक्का मारायचा हक्क नाही. जुने गोळे मात्र खुशाल टाका. गंजलेला गोळा प्लेफिल्डवर कानशीसारखा चालतो. कडक झालेली रबरं, तडकलेली पॉवर कॉर्ड, तीही टाका. बॅटऱ्या मात्र घरच्या कचऱ्यात नकोत, घातक कचरा घेणाऱ्या केंद्रात द्या.

मग हे द्यायचं कुणाला? सर्वांत आधी, तेच मशीन ज्याच्या घरी अडून पडलंय त्याला. असा माणूस सापडायला फार वेळ लागत नाही, कारण तो आपल्याला शोधतच असतो. मग दुरुस्तीवाल्यांना; त्यांच्याकडे भाग पडून राहिला तरी तो कधी ना कधी कुठल्यातरी मशिनात जातोच. शिकागोच्या परिसरात 1985 पासून पिनबॉल एक्स्पो भरतो. तिथे जुने भाग मांडून बसलेले लोक असतात, आणि खोक्यात हात घालून हवा तो रिले अचूक ओळखणारे ऐंशीच्या घरातले तंत्रज्ञही भेटतात. पश्चिमेला असाल तर कॅलिफोर्नियात अ‍ॅलमिडा इथे पॅसिफिक पिनबॉल म्युझियम आहे, लास व्हेगासला पिनबॉल हॉल ऑफ फेम आहे. तिथे ही मशिनं काचेच्या कपाटात नसतात, लोक ती खेळतात. म्हणजे रोज झिजतात, म्हणजे त्यांना भाग लागतात. पण न विचारता खोकं दारात नेऊन ठेवू नका. जागा त्यांच्याकडेही कमीच. आणि कुणालाच नको असलेले रिले, कॉइल, स्टेपर एखाद्या शाळेच्या विज्ञान शिक्षकाला द्या. विद्युतचुंबक शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. मुलाला दिसतं: वीज आली, लोखंड हललं, आकडा बदलला.

भागांइतकीच गरज हातांची आहे, आणि ते हात आपल्या लोकांकडे आहेत. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंडाचा चौकोन घासून गुण्यात बसवलेली ही पिढी आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत नाहीतर लॅमिंग्टन रोडवर हिंडून एकेका ट्रान्झिस्टरची जुळणी करणारी, रेडिओ बंद पडला तर टाकायचा असतो हे ठाऊकच नसलेली. ‘एट बॉल’च्या मेंदूत मोटोरोलाची 6800 चिप आहे. ज्या कंपनीत आपल्यातल्या कित्येकांनी उभी हयात घालवली, तिचीच. निवृत्तीनंतर दुपारी करायला काही नाही म्हणणाऱ्या काकांना माझं आग्रहाचं निमंत्रण आहे. मीटर घेऊन या. आकृती वाचता येते ना? मग एका मशिनाचा बिघाड शोधून द्या. हे काम येणारे लोक म्हातारे होत चालले आहेत आणि शिकणारे फार थोडे आहेत. भाग वाचवले आणि ते बसवणारं कुणी उरलं नाही, तर ती खोकी पुन्हा डंपस्टरकडेच जातील.

महाराष्ट्र मंडळांकडेही एक मागणं आहे. मंडळाच्या वार्तापत्रात भाड्याच्या खोल्या, लग्नाची स्थळं, पोळ्या करून देणाऱ्या ताई यांच्या जाहिराती असतात. त्यातच दोन ओळी या मशिनांसाठी ठेवा: कुणाकडे आहे, कुणाला हवंय. गणपतीला आणि दिवाळीच्या कार्यक्रमाला सगळा गाव जमतो, तिथे दाराशी एक टेबल द्या. आणि वाहतूक! काच कुरिअरने पाठवणं म्हणजे जिवाला घोर. पण डेट्रॉइटहून नाटकाला, मिलवॉकीहून मुंजीला, इंडियानापोलिसहून बारशाला शिकागोकडे येणारी आपली गाडी दर शनिवारी रस्त्यावर असतेच. मागच्या सीटवर दोन ब्लँकेटांच्या मधे एक काच सहज मावते. काकूंची काच मिशिगनला तशीच गेली. एक जोडपं साखरपुड्याहून घरी परतताना घेऊन गेलं.

ज्यांच्या घरचं मशीन अजून ठणठणीत आहे, त्यांनी नातवंडांना ते लावून द्यावं आणि मशिनाचं काय करायचं ते आत्ताच मुलांना सांगून ठेवावं. घर बंद करायची वेळ आली की मुलं दोन दिवसांची रजा काढून येतात, दमलेली असतात, रडवेली असतात. तेव्हा त्यांना पिनबॉलचा विचार करायला सांगणं क्रूरपणा आहे. एका कागदावर लिहा: हे मशीन अमक्याला फोन करून द्यायचं. तो कागद नाण्याच्या दाराच्या आत चिकटवा.

काकूंच्या ‘एट बॉल’चं अजून थोडं सामान त्यांच्या गराजमध्ये आहे: चारही पाय बोल्टांसकट, नाण्याचं दार किल्लीसह, रिकामा पण कोरडा बॅकबॉक्स, चाइमचा डबा, तीन बंपरच्या कॉइल आणि काचेला धरणाऱ्या बाजूच्या दोन धातूच्या पट्ट्या. घराचा ताबा मे महिन्याअखेर द्यायचा आहे. कुणाला यातलं काही हवं असेल तर या अंकाच्या संपादकांकडे निरोप ठेवा. पैसे नकोत. कुठल्या मशिनात बसवणार आहात तेवढं कळवा. काकूंना ते ऐकायचंय.